आईच्या बाथरूमचं हँडल

मी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्या खात्यात भूत नसतं, लूज कनेक्शन असतं. मशीन आपोआप सुरू झालं म्हणून ऑपरेटर घाबरत आला, की मी आधी स्विच बघतो आणि मग त्याच्या तोंडाचा वास घेतो. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणून वाचायचो, आणि खाली खोचक कमेंट टाकायचो. तेव्हा आज माझी पोस्ट बघून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसून घ्या...

बदलापूर वेस्टला बेलवलीत आमचा फ्लॅट आहे. घरात मी, बायको वृषाली आणि माझी आई. हॉल आणि किचनच्या मधल्या पॅसेजमध्ये बाथरूम, संडास त्यातच. दार आतल्या बाजूला उघडतं. हे 'आतल्या बाजूला' जरा लक्षात असू द्या.

त्या दाराला आतून एक पितळी कडी होती. फ्लॅट घेतला तेव्हा मी आणि वृषाली टाइल्सवरून भांडत होतो, आणि आईची मागणी एकच होती — बाथरूमची कडी मी आणणार. उल्हासनगरला जाऊन तिने स्वतः निवडून आणली. चांगली जाडजूड, तिजोरीला शोभेल अशी. दिवाळीत देवाची भांडी घासून झाली की उरलेली चिंच घेऊन आई बाथरूमकडे वळायची. आम्ही चिडवायचो, "आई, कडीला पण हळदकुंकू वाहा आता!"

पण त्यामागे कारण होतं. आई मुरबाडकडची. लग्न होऊन आली ती उल्हासनगरच्या कॅम्पात, बराकीतल्या एका खोलीत. सगळ्या बराकीला मिळून संडासांची एक रांग, आणि बायकांच्या बाजूला एकाही दाराची कडी धड नाही. मग बायका जोडीने जायच्या. एक आत, दुसरी बाहेर दार हाताने धरून उभी. आईची जोडीदारीण म्हणजे शेजारची ईश्वरी. सिंधी, आईच्याच वयाची, तीही नवीन नवरी. ती दार धरून उभी राहायची आणि मधूनमधून म्हणायची, "मां बीठी आहियां." म्हणजे, मी उभी आहे. आतून आईने खोकायचं, म्हणजे ऐकलं. मग अदलाबदल, आई बाहेर आणि ईश्वरी आत. इतकी वर्षं सिंध्यांच्यात राहून आईला सिंधी आली ती एवढीच. पुढे बराकी पडल्या, माणसं पांगली. ईश्वरी मुलीकडे राजस्थानात गेली असं कोणीतरी सांगितलं, त्यानंतर काही पत्ता नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आईला चक्कर यायला लागली. एकदा देवापुढे, एकदा जिन्यात. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाथरूमला आतून कडी लावू देऊ नका. आत काही झालं तर दार तोडेपर्यंत वेळ जातो."

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. आई बाथरूममध्ये गेली की माझे कान तिकडे. नळाचा आवाज थांबला की मी उठून उभा. वृषाली म्हणायची, "अहो, बसा जरा. घरात सिक्युरिटी गार्ड ठेवल्यासारखं वाटतंय."

शेवटी मी उल्हासनगरच्या मार्केटमध्ये गेलो. दुकानात भिंतभर हँडलं — गोल, लांब, चकचकीत, मॅट, अँटिक. दुकानदार म्हणाला, "साहब, बुजुर्गों के लिए यही ले जाते हैं सब." आडवं दांडीचं हँडल, खाली दाबलं की दार उघडतं, म्हाताऱ्या बोटांना सोपं. आतून गोल कळ फिरवली की लॉक. बाहेर एक बारीक खाच आणि त्यावर रंगाची खिडकी, लॉक असेल तर लाल, नसेल तर हिरवी. आणि गरज पडली तर खाचेत रुपयाचं नाणं घालून फिरवायचं, बाहेरून उघडतं. मी खूश. घरी आणलं तर ते उलट्या बाजूच्या दाराचं निघालं! दाराचा फोटो मी बाथरूमच्या आत उभं राहून काढला होता. मेंटेनन्सवाल्या माणसाकडून असं, हे वृषालीला चिडवायला महिनाभर पुरलं. परत जाऊन बदलून आणलं.

मिस्त्री रामसूरत कडी काढायला लागला तशी आई पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली.

"मला विचारलंस?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर येणारे का आंघोळीला?"

"तुझ्यासाठीच करतोय ना! आतून लॉक होतं हे पण. फक्त बाहेरून रुपयाने उघडता येतं."

"रुपयाने उघडतं ते कसलं कुलूप?" आई म्हणाली. "म्हातारपणी माणसाची लाज जाते असं कोणी सांगितलं रे तुला?"

रामसूरत खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिला. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. कडी मी ड्रॉवरमध्ये टाकली. आईने रागाने आतली कळ कधी फिरवलीच नाही. नुसतं दार लोटून घ्यायची. म्हटलं, उत्तम. आपल्याला हेच हवं होतं.

इथून पुढचं नीट वाचा.

एकदा सकाळी मला आत जायचं होतं. आई देवपूजा करतेय असं समजून मी हँडल दाबलं, तर ते खाली जाईना. "आई?" आतून आईचा आवाज, "आहे मी." ती बाहेर आल्यावर म्हटलं, "लावलंस ना शेवटी लॉक? मग एवढं भांडायचं कशाला?"

"कोण लावतंय तुझं ते रुपयाचं कुलूप," म्हणत आई निघून गेली.

आणि मला आठवलं... खिडकी हिरवी होती. मी हँडल दाबून बघितलं. लोण्यासारखं खाली गेलं.

दोन-तीनदा असं झालं. मी तेल घातलं, लॉक उघडून साफ केलं. वृषालीला आत पाठवून बाहेरून दाबलं, चालतं. मी आत, ती बाहेर, तरी चालतं. आई आत गेली की मात्र नाही. रामसूरतला बोलावलं. त्याने दार रंध्याने थोडं तासलं, लॉक बदलून दिलं आणि म्हणाला, "साहब, मक्खन है अब." दुसऱ्याच दिवशी आई आत गेली, आणि मक्खन परत दगड!

दगड म्हणणं खरं तर चूक आहे. लोखंड अडकलं की कसं अडकतं ते मी रोज बघतो. खट्टकन थांबतं, पुढे काही नाही. हे तसं नव्हतं. दाबलं की हँडल थोडं खाली यायचं आणि परत वर उचललं जायचं. पलीकडून कोणी धरलंय म्हणावं, तर आई तिकडे स्टुलावर बसून पाय घासत होती, मला आवाज येत होता. मी वृषालीला खुणेने बोलावलं. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अहो... गरम आहे."

थंडीचे दिवस. स्टीलचं हँडल. दाराची बिजागरी गारठलेली, आणि हँडल मात्र कोमट, आपल्या आधी कोणी हात ठेवला असेल तर लागतं तसं. पण खरी भीती वेगळीच होती. मी हे सगळं केलं ते आईला काही झालं तर दार उघडावं म्हणून. आता आईला आत काही झालं तर? लॉक लागलेलंच नाही, तर रुपया फिरवून काय उपयोग?

माझी झोप गेली, जेवण गेलं. कंपनीत ओव्हरटाइम नको म्हणायला लागलो. घरी आलो की पॅसेजमध्ये येरझाऱ्या. शेवटी आईलाच विचारलं, "आई, तू आत असताना दार कोण धरतं?"

आईने माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा करतोय का ते तपासत असावी. मग म्हणाली, "मला आतून काय दिसणार? पण खरं सांगू, कडी काढलीस तेव्हा वाटलं होतं की जीव मुठीत धरून आंघोळ करावी लागणार. तसं होत नाही. आत बरं वाटतं."

मी ठरवलं, हँडलच नको. नुसता लोहचुंबक बसवायचा, ढकललं की दार उघडलं पाहिजे. रविवारी रामसूरत येणार होता. त्याची वाट बघत मी हॉलमध्ये बसलो होतो. आई आंघोळीला गेली. किचनमध्ये कुकरच्या शिट्ट्या, बाल्कनीत वॉशिंग मशीन घुर्रघुर्र करतंय, कोणाचं काही कोणाला ऐकू येत नाही. मी सहज पॅसेजकडे बघितलं.

बाथरूमचं दार सताड उघडं होतं.

मी चटकन तोंड फिरवलं. "आई! दार उघडं आहे!" उत्तर नाही. "आई!" नाही. मग मी वृषालीला हाक मारली ती इतक्या जोरात की ती हातातली पळी घेऊनच धावली. आत गेली आणि ओरडली, "अहो, या! लाजू नका, या आधी!" तिने आईवर टॉवेल टाकला होता. आई जमिनीवर आडवी, ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले. उचलली, शेजाऱ्याच्या गाडीत घातली, हॉस्पिटल गाठलं. ठोके फार मंद झाले होते. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. पेसमेकर बसवला. आई वाचली.

ती आयसीयूत असताना कपडे न्यायला मी घरी आलो आणि बाथरूमच्या दारात उभा राहिलो. वृषालीला म्हटलं, "आई कशी पडली होती ते दाखव." तिने दाखवलं. डोकं भिंतीकडे, पाय दाराकडे लांब केलेले. मी आत तसाच जमिनीवर आडवा झालो आणि तिला बाहेर जाऊन दार लोटून घ्यायला सांगितलं. तिने ओढून बघितलं. दार माझ्या पायांना लागून थांबलं. मग मी पाय आखडून दार बंद करवलं, पाय परत लांब केले आणि म्हटलं, आता उघड. हँडल गेलं खाली. दार जागचं हललं नाही, माझे पाय आड होते.

म्हणजे आई पडल्यानंतर ते दार उघडणं शक्यच नव्हतं. ते उघडलं होतं ती पडायच्या आधी. पुरतं, भिंतीला टेकेपर्यंत. आणि जिने आयुष्यभर एका कडीसाठी जीव टाकला, ती बाई दार उघडं टाकून आंघोळ करेल हे तुम्ही मला सांगू नका. आईला शुद्धीवर आल्यावर विचारलं. म्हणाली, "मी कशाला उघडू? अंगावर गार वारा आला म्हणून मान वळवली, एवढंच आठवतं."

त्या दिवसापासून हँडल गार आहे. आई आत असो, नसो, लोण्यासारखं खाली जातं. लोहचुंबक मी बसवला नाही. रामसूरतला कडी परत लावायला बोलावणार होतो, तर आईच म्हणाली, "राहू दे, आता नको."

मी कॅम्पात जाऊन आलो. बराकीच्या जागी टॉवर आहे, ईश्वरी कुठली कोण कोणाला ठाऊक नाही. राजस्थानात शोध घेऊ का म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "नको शोधू. सापडली तर मग दार कोणी धरलं हा प्रश्न. नाही सापडली, गेल्याचं कळलं तर मला रडावं लागेल. आहे ते असू दे."

तुमच्यात कोणी लॉकच्या धंद्यातलं असेल तर मला सांगा. स्प्रिंग, ह्युमिडिटी, दाराची फुगवट... सगळं मी तपासलंय. मेंटेनन्सवाला आहे, कारण सापडल्याशिवाय फाइल बंद करायची सवय नाही. ही फाइल उघडीच आहे.

एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलातून आल्यावर आई पहिल्यांदा आंघोळीला निघाली आणि दाराशी थांबली. टॉवेल हातात, पण पाय आत पडेना. हँडलवर नुसता हात ठेवला, काढला, परत ठेवला. तिला काय हवंय ते मला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यावर काही अक्कल न पाजळता पुढे झालो. म्हटलं, "जा तू. मी आहे."

तेव्हापासून रोज तसंच. कामावर जायच्या आधी मी दाराकडे पाठ करून उभा राहतो, मागे हात करून हँडल धरतो. माझी शिफ्ट सकाळची असली की वृषाली धरते. सुरुवातीला हँडल गार लागतं, मग हळूहळू हाताची ऊब धरतं.

थोड्या वेळाने आतून आई विचारते, "बीठो आहीं?"

"बीठो आहियां," मी म्हणतो.

आई खोकते. मग नळ सुरू होतो.