तिठ्यावरची जागा

माझं माहेर आंबा घाटाच्या वर, शाहूवाडीकडे, आणि सासर घाटाच्या खाली, रत्नागिरीच्या अलीकडच्या एका गावात. सकाळी गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढंच अंतर. पण लग्न होऊन आले तेव्हा वाडीतल्या बायका मला बघायला अशा जमल्या की जशी काही मी परमुलखातून आले होते. "घाटीण हाय गो," एक म्हणाली, माझ्या तोंडावरच. दुसरीने विचारलं, मासे खाशील ना? मी म्हटलं, खाईन की, त्यात काय एवढं. आणि पहिल्याच दिवशी बांगड्याचा काटा घशात अडकवून घेतला. त्यावरून अजून हसतात.

माहेरी गेले की तिकडे मी कोकणी. तिकडे म्हणतात, तुमची माणसं आंबा विकायची नि वर्षभर पाय पसरून बसायची. इकडे म्हणतात, धरणं तुमची, कारखाने तुमचे, मंत्री तुमचे; आमच्यात पाऊस पडतो तो समुद्राला द्यायला. मी दोन्हीकडे तोंड वाजवते. तिकडे यांची बाजू घेते, इकडे त्यांची. इतकी वर्षं हे भांडण जेवणापुरतं होतं. हात धुतले की संपायचं.

माझा धाकटा भाऊ दर आठवड्याला भाजीचा टेम्पो घेऊन घाट उतरायचा. मेथी, कोथिंबीर, कांदापात, वांगी, फ्लॉवर. गावाच्या तिठ्यावर बाजार भरतो, तिथे एसटीच्या शेडला लागून त्याची जागा. गावच्या सुनेचा भाऊ म्हणून अख्खा गाव त्याला मामा म्हणायचा, अगदी दात पडलेले म्हातारेसुद्धा. तोही बेरकी. कोणी घासाघीस करायला लागलं की म्हणायचा, "भाच्याला फुकट दीन, पण भाव पाडून न्हाय देणार." बाजार उठला की आमच्याकडे यायचा, उरलेली भाजी पडवीत टाकायचा, माझ्या हातचं जेवायचा आणि उजेड असेतोवर घाट चढायचा.

माझा मुलगा मुंबईला कंपनीत होता. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि हा घरी आला. असे वाडीत चौघे-पाचजण. हाताला काम नाही, आणि गावात बसलेल्या पोराला मुलगी कोण देतंय? वर्षभर नुसते हुंदडले. मग उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून ओढ्याकाठी भाजी केली. काकडी, पडवळ, भेंडी, दोडकी. मी स्वतः चिखलात उतरून त्यांच्यासाठी आळी केली. छान झाली हो भाजी! पण बाजारात बायका यायच्या, यांच्या काकडीला हात लावायच्या, वास घ्यायच्या आणि मामाकडे जायच्या. मामाकडे सगळं एका जागी मिळायचं, आणि स्वस्त.

"मामा, जरा पलीकडे सरक ना," मुलगा एकदा म्हणाला.

"सरकतो की," भाऊ म्हणाला आणि खरंच सरकला. गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर सरकलं. आम्ही सगळे खो खो हसलो. मुलगा हसला नाही.

त्याच उन्हाळ्यात सड्यावर कुंपण पडलं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं माळरान. गुरं तिथेच चरायची, पोरं तिथेच क्रिकेट खेळायची. मुंबईतल्या काही भाऊबंदांनी आपापला हिस्सा परस्पर विकला, आणि गावाला ते कळलं सिमेंटचे खांब उभे राहिल्यावर. घेणारा घाटावरचा कोणी बडा माणूस आहे, एवढंच बोललं जायचं. त्याला आजवर कोणी पाहिलेलं नाही. तारेच्या आत एक रखवालदार आणि दोन कुत्री. सवयीने आत शिरलेल्या एका गाभण गाईचा पाय त्या कुत्र्यांनी फाडला. ती गाय वाचली नाही.

त्यानंतर गावातलं बोलणं बदललं. मी नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या, आणि मग एकदम पावसाविषयी बोलायला लागायच्या. मला कोणी घाटीण म्हणेनासं झालं. ते चेष्टेतलं म्हणणं बंद झालं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

श्रावण लागायच्या आधी गावकी बसली. आमचे हे बैठकीहून आले, पानावर बसले आणि नुसता भात चिवडत राहिले.

"बोला एकदाचं," मी म्हटलं.

"पुढच्या बाजारापासून घाटावरचा एकही माणूस तिठ्यावर बसवायचा नाय, असं ठरलं."

"आणि माझा भाऊ?"

"तो काय घाटावरचा नाय?"

"मांडलं कोणी हे?"

ह्यांनी मुलाकडे बघितलं. मीही बघितलं, तर तो ताटातून मान वर करेना. बाहेरच्या कोणी नाही, माझ्याच पोराने मांडलं होतं.

"अरे, मामा आहे तो तुझा!"

"मामा आहे म्हणून काय जन्मभर त्याच्या शेजारी काकड्या घेऊन बसू?" तो म्हणाला. "आई, त्याला तिकडे शेत आहे, पाणी आहे, ऊस आहे. मला काय आहे? मला पण जगायचंय."

तो खोटं बोलत नव्हता. घाटावर माझ्या भावाच्या घरी त्याची दोन पोरं या भाजीवर शिकत होती, तेही खोटं नव्हतं. कोणीतरी खोटं असतं तर त्याला चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

गावकीत काही ठरलं की ते देवाच्या कानावर घालायचं, अशी इथली रीत. गुरव हातात नारळ धरून गाऱ्हाणं घालतो, आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की साऱ्या गावाने 'होय महाराजा' म्हणायचं. लग्न झाल्यापासून मी ते म्हणत आलेय. पाऊस वेळेवर पडू दे, होय महाराजा. मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखी ठेव, होय महाराजा. तोंडाला ते इतकं बसलंय की कानाने ऐकायच्या आत तोंड बोलून मोकळं होतं.

त्या दिवशीही आम्ही बायका मागे खांबांपाशी उभ्या होतो. गुरवाने नेहमीसारखी सुरुवात केली. शेतीभाती, गुरंढोरं, पोरंबाळं. मग त्याने आवाज चढवला. "बा महाराजा, घाटावरून उतरून जे कोणी तुझ्या लेकरांच्या तोंडचा घास काढत असतील, त्यांची वाट तू वरच्या वर अडव!"

"होय महाराजा!" सगळा गाव म्हणाला. आणि त्यात माझाही आवाज होता, चांगला खणखणीत.

शेजारची काकी वळून माझ्याकडे बघायला लागली. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. असल्या पावसात घाटात दरडी येतात हे लहान पोराला ठाऊक आहे. आणि माझ्या पाठच्या भावाची वाट अडव म्हणून मी देवाला सांगून बसले होते! मनातल्या मनात किती वेळा म्हटलं, देवा, माझं म्हणणं धरू नकोस. पण ते एकटीचं, आणि तेही न बोलता.

घरी येऊन आधी भावाला फोन लावला. "या बाजाराला येऊ नकोस. पुढचंही मी सांगेन तेव्हा बघू."

तो हसायलाच लागला. "आक्का, त्या गावची निम्मी पोरं माझ्या टेम्पोत बसून शाळंला गेल्यात. मला कोण काय करतंय? आणि काढलेली मेथी काय परत वाफ्यात रोवू?"

बाजाराच्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन लागेना. घाटात माती आलीय, एकेरी वाहतूक आहे, असं कोणीतरी सांगितलं. माझ्या हातून दोनदा चहा उतू गेला. हे म्हणाले, "तिठ्यावर जाव नको आज." मी गेले. गिरणीच्या पायरीवर दळणाचा डबा घेऊन बसले, म्हणजे कोणी विचारलं तर सांगायला बरं.

तो उशिरा पोचला. टेम्पो चाकापासून टपापर्यंत लाल चिखलाने भरलेला. नेहमीच्या जागेवर त्याने पोतं अंथरलं, जुड्या मांडल्या. कोणी अडवलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं भांडण होईल, दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे, मग मी मध्ये पडेन. तसलं काहीच झालं नाही. माणसं त्याच्या समोरून जात होती आणि तिथे कोणी बसलेलंच नाही असं वागत होती. "या काकी, या, कवळी हाय," तो म्हणायचा, आणि काकी पुढे गेलेली असायची. एका म्हातारीने सवयीने मेथीची जुडी उचलली. तिच्या सुनेने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि होती तशी परत ठेवली.

समोर माझा मुलगा नि त्याचे मित्र बसले होते. त्यांच्याभोवती गर्दी होती.

मला राहवेना. डबा गिरणीत ठेवला, सरळ चालत गेले आणि भावाच्या शेजारी पोत्यावर बसले. माझा आवाज मुळात मोठा. "मेथी घ्या, मेथी! ताजी, कवळी मेथी!" अशी हाळी दिली की सगळ्या तिठ्याच्या माना वळल्या. मुलाने माझ्याकडे बघितलं. हातात तराजू होता, तो तसाच धरून बघत राहिला.

"आक्का, ऊठ," भाऊ हळूच म्हणाला. "मी काय, आता जाईन. तुला हितंच ऱ्हायचंय."

मी उठले नाही. बाजार उठेपर्यंत बसले, घसा बसेपर्यंत ओरडले. एक जुडी खपली नाही. भावाने सगळा माल परत टेम्पोत भरला. जेवायला चल म्हटलं, तर घाटाचं निमित्त केलं. वर पोचल्याचा फोन केला, पण घाट उतरून तो परत कधी आला नाही.

आम्हाला कोणी काही बोललं नाही. कोणाला वाळीत टाकलं तर पोलीस येतात हे गावाला पक्कं माहीत आहे, म्हणून तो शब्द कोणी काढत नाही. फक्त आमच्या शेताच्या बेणणीला, तण काढायला, एकही बाई आली नाही. गिरणीत माझा डबा शेवटी राहायला लागला. दुकानात सगळ्यांचं झाल्यावर माझं. ह्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग गणपती आले. आमच्या वाडीत पहिल्या संध्याकाळी पुरुषमाणसं वरच्या अंगाने सुरुवात करून घरोघर आरती करत खाली येतात. ह्यांनी आंघोळ करून धोतर नेसलं, सतरंज्या अंथरल्या. मी खिरापत केली, बशा मांडल्या. मुलगा चहा पिऊन निघाला.

"सगळ्यांना घेवन येतोस ना?" ह्यांनी विचारलं.

"बघतो," तो म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

वरच्या घरची आरती संपली. टाळ-मृदंग वाजवत माणसं पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागली, तसे हे तबक हातात घेऊन गणपतीसमोर उभे राहिले, कापूर पेटवायच्या तयारीने. मी अंगणात गेले. बॅटऱ्यांचा उजेड आमच्या बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, आला. तिथे बोलणं थांबलं, पण वाजवणं थांबलं नाही. एकेक माणूस बेड्यासमोरून खाली उतरून गेला. सगळ्यांच्या पुढे, मृदंग गळ्यात अडकवून, माझा मुलगा होता. त्याने मान वळवली नाही. एक थापही चुकली नाही.

थोड्या वेळाने खालच्या घरात आरती सुरू झाली.

मी आत आले. हे अजून तसेच उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

"गेले?"

"गेले."

"मृदंगावर कोण होता गो? हात चांगला बसलाय त्याचा."

"काळोख होता," मी म्हटलं. "दिसला नाही."