फाळक्यावरच्या दोन ओळी

मला कशापायी छळता हो? चौथीत शाळा सुटली माझी, आणि वाचनालयाचे गुरुजी, तुम्ही म्हणता, "नाना, किस्से लिहून द्या!" चाळीस वर्षं शिरूर कासारात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळ्या, फाळके, रंगवतोय. रंगाचे डबे रिकामे होतात, किस्से तेवढे साचत जातात. घ्या, आणि परत दारात येऊ नका!

*

चंद्रकला ऊस तोडते. शाळा पाहिलेली नाही, पण कोयता चालू लागला की तोंडानं ओळी जुळवते. पहिल्यांदा शेडमध्ये आली तेव्हा फाळका कुणाकडून तरी वाचून घेतला आणि म्हणाली, "नाना, अक्षरं लई देखणी काढता. पण सांगता काय? हॉर्न द्या!"

दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "मग काय लिहू, सांग की!"

तिनं सांगितलं:

पाचटात दिसलं पाखराचं घर,
कोयता म्हनला, जरा दम धर.

*

हे खरंच घडलेलं. कडा गावाकडच्या एका फडात तिनं वाळल्या पाल्यातल्या घरट्याभोवतीचा ऊस तसाच उभा ठेवला. मालक बोंबलत आला. बाईनं कमरेवर हात ठेवून ह्याच ओळी ऐकवल्या. तेवढ्यात पिल्लांनी चोची उघडल्या.

मालक नरमला. "ऱ्हाऊ दे. पण बाई, कविता एकच कर! न्हाईतर निम्मा ऊस पाखरांना जाईल!"

*

त्या ओळी रंगवलेली ट्रॉली गेवराईजवळ हायवेला एका पोलिसानं अडवली. खिशातून पेन काढला. ड्रायव्हरनं हात जोडले, "साहेब, कागदं समदी हायेत!"

"गप उभा ऱ्हा बे! उतरवून घेतोय. बायकोला पाठवायचंय."

*

आता शेवटचा. निवृत्ती मुकादम, सगळ्यांचा आन्ना, दरवर्षी ऊसतोडीची टोळी घेऊन साखर कारखान्याला जातो. त्यानं नवी ट्रॉली घेतली. "नाना, दसऱ्याला पूजा हाय. माझ्यावर झकास दोन ओळी टाका!"

त्याच्या टोळीतल्या सुमीला सातवा महिना. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात; दोघांनी तोडायचं आणि मोळ्या घेऊन शिडीनं ट्रॉलीवर चढायचं. सुमी मागं राहिली तर जोडी मोडते. मुकादम म्हणे, "यावंच लागंल."

चंद्रकला माझ्याकडे आली आणि ओळी सांगितल्या. मी म्हटलं, "अगं, टोळीतून काढील तुला!"

"काढू द्या. तुमी भेता का?"

मला भित्रा म्हणते! लिहिल्या.

दसऱ्याला फाळक्यावरचा कपडा काढला. मुकादमाची आई नारळ घेऊन उभी. "काय लिहिलंय रं?" वाचायला कुणी तोंड उघडेना. चंद्रकला पुढं झाली आणि खणखणीत म्हणाली:

मोळी डोईवर, लेकरू पोटात, शिडी चढती सुमी,
आन्ना, आईला इचारून घ्या, कसे जन्मलात तुमी!

म्हातारी लेकाकडं वळली. "फडातच झालतास तू, निवृत्ती. मोळी टाकून आडवी झालते मी. तवा माझ्यासाठी कुणी दोन ओळी न्हाई जुळवल्या."

नारळ तिनं चंद्रकलाच्या हातात दिला. "फोड गं. सुमी माझ्याजवळ ऱ्हाईल."

आईवर तर मुकादमाला राग काढता येईना. मग त्यानं लाल रंगाचा डबा उचलला आणि माझ्या डोक्यावर उपडा केला!

सुमीची पोरगी आता माझ्या शेडमध्ये रंगात हात बुडवून पळते. त्या ओळी म्हातारी पुसू देत नाही, दरवर्षी ट्रॉली त्याच घेऊन कारखान्याला जाते. माझं दसऱ्याचं धोतर मात्र अजून लाल. धुणार नाही. माफी मागायला येईल त्या दिवशी त्याच्यापुढं धरणार. नाव नीट वाचा गुरुजी: निवृत्ती मुकादम!