कुलूपवाल्यांची घरपट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती मी भर ग्रामसभेत, माईक हातात धरून, स्वतःहून ओढवून घेतली आहे!

झालं असं. आमच्या पासलीच्या ग्रामसभेत ठराव आला, की गावाने हात वर करून मंजुरी दिल्याशिवाय घरपट्टी ठरलेल्या मर्यादेच्या वर न्यायची नाही. सगळे खूश. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर मी कसला? उठलो.

"ही मर्यादा फकस्त नांदत्या घरांना! पुण्यात फ्लॅट घ्यायचा, हितं कुलूप लावायचं, त्यांना कशाला सवलत? ज्या घरात चूल पेटत न्हाई, त्याची पट्टी खुशाल वाढवा!"

काय टाळ्या पडल्या सांगू! माझी दुरुस्ती जागच्या जागी मंजूर.

पुढच्या सभेत सरपंचबाईंनी बंद घरांची नावं वाचली. त्यात माझं!

"अवो, मी हितं जिता हाय की!"

"आबा, शिपाई कवाबी गेला तरी दाराला कुलूप. कुठं असता तुमी?"

"वेल्ह्याला. ष्ट्यांडवर."

"तितं काय काम असतं?"

आता काय काम सांगू? बायको, सुमन, गेल्यापासून मला घरात थांबवत नाही. भिंतींशी किती बोलणार? सकाळच्या एसटीने वेल्हे गाठतो, येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा हाणतो, तिथेच वडापाव खातो आणि शेवटच्या गाडीने फक्त झोपायला परत येतो. पण हे सभेत कसं बोलायचं? एकटं वाटतं म्हणायची लाज वाटते हो.

सरपंचबाई समजूतदार. "बरं, आबांच्या घरी एवढ्यात कुनी च्या प्यालंय का? एकानं जरी सांगितलं तरी नाव काढते."

मी सभेवर नजर फिरवली. यातल्या प्रत्येकाच्या घरी मी चहा ढोसलाय! पण माझ्या घरी?

मागून शेजारचा तुकाराम ओरडला, "आबा, बोलवा तर आमाला!"

सगळे खो-खो हसले. मीही हसलो.

"मग मतालाच टाकू," बाई म्हणाल्या. "आबांचं घर बंद धरायचं असंल त्यांनी हात वर करा."

सगळे खाली सतरंजीकडे बघायला लागले. एक हात वर येईना! माझ्यासाठी अख्खं गाव खोटं बोलायला तयार. मला वाटलं, सुटलो. आणि नेमकी तेव्हाच डोळ्यांपुढे आली घरातली शेगडी, सुमनने शेवटची पुसून ठेवली होती तशीच.

एक हात वर गेला. माझा!