खाली सगळी साखर

या सदरातले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. बायको मन लावून वाचते, मी तिची टर उडवतो. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं... असो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी कुवेत सिटीत अकाउंटंट होतो आणि तिथल्याच खैतान भागात दापोलीच्या बशीरभाईंबरोबर फ्लॅट शेअर करायचो. आई चिपळूणला, डायबेटिसची पेशंट. धाकटा भाऊ नितीन मनालीच्या वरच्या एका गावात ट्रेकर्सना बर्फात चालायला शिकवायचा. आईजवळ दोघांपैकी कुणीच नाही, त्यामुळे फोन वाजला की मला आधी आईच आठवायची.

जानेवारीतला शुक्रवार, सुट्टीची सकाळ. फोन बशीरभाईंनी घेतला. "तुझा भाऊ हाय वाटतं," म्हणून रिसीव्हर माझ्याकडे दिला. नितीनच होता.

"दादा, खाली सगळी साखर झालीय रे..."

एवढंच. लाइन कट.

खाली म्हणजे चिपळूण आणि साखर म्हणजे आईची – मला दुसरं काय सुचणार? घरचा फोन लागेना. शेवटी नितीन राहायचा त्या गेस्टहाउसला फोन लावला. मालक म्हणाला, नितीन ट्रेकर्सना घेऊन कधीच वर गेलाय, इथून त्याने फोन केलेला नाही. मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. माँ सीरियस है, उसको बोलो, म्हणून अक्षरशः ओरडलो. त्याने वॉकीटॉकीवरून निरोप दिला.

तेव्हा नितीन एका उताराच्या कडेला उभा होता, आता ओलांडायचा म्हणून. निरोप ऐकून तो सगळ्यांना घेऊन मागे फिरला. ते जेमतेम सुरक्षित जागी पोचले आणि उतारावरचा अख्खा बर्फ तुटून दरीत गेला.

दुपारी त्याचा फोन आला. त्याने आधीच चिपळूणला फोन केला होता. आई ठणठणीत होती.

"मी तुला फोन केलाच नव्हता, दादा. सकाळी वाटेत एका जागी खड्डा खणून बर्फ तपासला, तिथे चांगला होता. त्या उतारावर मात्र वर कडक थर आणि खाली नुसते सुटे दाणे. त्याला आम्ही साखर म्हणतो. त्याच्यावर काही टिकत नाही. तुटलेल्या जागी हात घातला आणि मी सगळ्यांना म्हणालो, खाली सगळी साखर झालीय रे. पण हे नंतर... तुझा निरोप आल्यावर."

बर्फाला साखर म्हणतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. क्रॉस कनेक्शन असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. मराठीत बोलणारं, मला दादा म्हणणारं क्रॉस कनेक्शन. बशीरभाईंनी अल्लाचे आभार मानले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

हिशेब जुळवण्यात माझा जन्म गेला, पण हे कोडं आजही सुटलेलं नाही. एक गोष्ट तर मी नितीनलाही सांगितलेली नाही. ते वाक्य तो म्हणाला तेव्हा मोकळ्या हवेत उभा होता. मी फोनवर ऐकलं तेव्हा त्याचं तोंड कशाने तरी भरलेलं होतं, आणि तो श्वासासाठी धडपडत होता.