दोरीवरची साडी

दादा सैन्यात स्नायपर आहे. सुट्टीवर आला होता, तेव्हा एकदा गॅलरीत बसून समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या साडीकडे एकटक बघत होता.

“काय बघतोस एवढं?”

“वारा. पदर कसा उडतोय त्यावरून जोर कळतो, गोळी किती सरकेल ते कळतं.”

त्याच्या गालावर माशी बसली. त्याने ती उडवली नाही. तसंच शिकवलंय त्याला. श्वास इतका मंद, की नकळत मीही माझा रोखला. ध्यानाला बसणाऱ्यांना जे वर्षानुवर्षं साधत नाही ते याला साधलंय, असं वाटून मला त्याचा हेवा वाटला.

तेवढ्यात साडी बाजूला सारून समोरचे काका बाहेर आले. दादाला बघून हसले, हात हलवला.

दादा उठला. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला.