अंगठ्याचं नख आणि गटारीचा ग्लास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये मध्ये नको. माझा जो पोपट झालाय ना, तो अख्ख्या मुलुंडने बघितलाय!

माझं लग्न ठरलं होतं. मुलगी मुलुंडची, रेश्मा. आम्ही घाटकोपरचे. सगळं झकास. लोचा एकच, आणि तो माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात होता. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये मी दिवसभर जाडजूड बूट घालून उभा असतो. त्या घामाने नखाला बुरशी लागली. पिवळं, जाड, कडेने भुगा पडणारं नख. शी! मलाच बघवत नव्हतं.

एरवी कोण बघतंय हो कुणाचे पाय? पण आमच्यात लग्नात सासू-सासरे जावयाचे पाय धुतात. ताटात पाय ठेवायचे, समोर सगळे पाहुणे, डोक्यावर व्हिडिओवाला. माझी तर झोपच उडाली.

गेलो डॉक्टरीणबाईंकडे, मलम मागितलं. त्या म्हणाल्या, "मलमाने नाही भागायचं. पोटातून गोळ्या घ्याव्या लागतील, काही महिने. आधी रक्त तपासून लिव्हर ठीक आहे का बघू. आणि दारू बंद."

"मी पीतच नाही हो. गटारीला एखादा ग्लास, बस."

"तोही नाही. आणि गोळ्या संपल्या की नख लगेच चकाचक होईल असं समजू नका. नवं नख हळूहळू वाढतं. वर्षसुद्धा लागेल."

वर्ष? लग्न तर मार्गशीर्षात होतं! म्हटलं, जेवढं वाढेल तेवढं वाढू दे. लिव्हर ठणठणीत निघालं, गोळ्या सुरू झाल्या. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. नखाची बुरशी ही काय होणाऱ्या बायकोला सांगायची गोष्ट आहे?

आणि आली गटारी. मालवणी सासरे ते! फोन आला, "जावयबापू, वडे-सागुती आसा, येवकच व्हया!"

गेलो. बूट दारात काढले, मोजे तसेच. सासूबाई म्हणाल्या, "अहो, ओले झालेत ते. काढा की."

"नको, थंडी वाजते."

मुंबईत थंडी, तीही गटारीला! मलाच माझी कीव आली. तेवढ्यात सासऱ्यांनी ग्लास पुढे केला.

"मी नाही घेणार."

"गटारीक नाय? मगे कधी?"

"डॉक्टरांनी लिव्हर जपायला सांगितलंय ना," मी बोलून गेलो.

लागली वाट! वडा वाढणाऱ्या सासूबाईंचा हात तिथेच थांबला. आता तुम्हीच सांगा, धडधाकट पोरगा गटारीला ग्लास नाकारतो आणि वर लिव्हरचं नाव काढतो, तर माणसं काय समजणार? पिऊन पिऊन वाया गेलाय, हेच ना?

दुसऱ्या दिवशी रेश्माचा फोन. "तू पितोस का रे?"

"नाही गं."

"मग लिव्हरला काय झालंय?"

"काही नाही. सांगतो नंतर."

"नंतर म्हणजे कधी? लग्न झाल्यावर?"

मी कसला बावळट बघा! बेवडा ठरलो तरी चालेल, पण नख दाखवणार नाही.

मग तिचे कुर्ल्याचे मामा थेट वर्कशॉपवर हजर. "इथूनच चाललो होतो," म्हणाले आणि मला कडकडून मिठी मारली. एवढं प्रेम? मग कळलं, नाक माझ्या तोंडाशी होतं. वास घेत होते! आणि मी नुकताच डबा खाऊन, तोंडाला कांद्याचा वास नको म्हणून वेलची चघळत होतो. मामांनी तिकडे जाऊन सांगितलं, "भरदुपारी वेलची खातो. पक्का आहे."

रविवारी सगळे आमच्या घरी. माझी आईच आधी फुटली. "तरीच! रोज कसल्या गोळ्या घेतोस विचारलं, तर म्हणाला व्हिटॅमिनच्या!"

सासरे मान खाली घालून म्हणाले, "पोरगो बरो आसा, पण आमच्या पोरीचो प्रश्न. लग्न थांबवूया."

रेश्मा नुसती माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. मला इतकं वाईट वाटलं यार! म्हटलं, गेली ती लाज उडत. मोजा ओढून काढला आणि पाय ठेवला थेट टीपॉयवर. पोह्यांच्या बशीशेजारी!

"हे बघा! बुरशी झालीये नखाला. त्याच्या गोळ्या चालू आहेत. त्या लिव्हरला जड पडू शकतात, म्हणून दारू बंद. बाकी काही नाही!"

सगळे वाकले. सासऱ्यांनी चष्मा लावला, निरखून बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी बेवडो ठरलंस, मेल्या?"

रेश्मा रडता रडता हसायला लागली. "अरे येड्या, मला सांगायचंस ना!"

सुटलो! पोहेसुद्धा गोड लागले. पण माझ्या दारूची बातमी तोवर सगळ्या नातेवाइकांत फिरली होती. ती पुसायला नको? सासूबाईंनी तिथेच फोन लावायला घेतले. "दारू-बिरू काय नाय गो! नखाक बुरशी लागली हा. अंगठ्याच्या. होय, उजव्या!" जी गोष्ट मी बायकोपासून लपवत होतो, ती संध्याकाळपर्यंत गावच्या चुलत्यांनाही कळली.

लग्नात ताटात पाय ठेवले आणि हॉलमधले पाहुणे खुर्च्यांवरून उठले. मामा गर्दीत घुसून पुढे. नख अर्धं नवं गुलाबी, अर्धं जुनं पिवळं, रीडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगीसारखं. सासऱ्यांनी पाणी घातलं, अंगठा अभिमानाने वर धरला आणि व्हिडिओवाल्याला म्हणाले, "जरा जवळसून घे रे!"

आता संसार मस्त चाललाय आमचा. नखही पूर्ण नवं आलंय, अगदी गुलाबी. पण अजून मुलुंडला कुठल्या कार्यक्रमाला गेलो ना, तर रेश्माचे नातेवाईक माझा चेहरा बघून ओळखत नाहीत. आधी खाली पायाकडे बघतात, आणि मग म्हणतात, "अरे, जावयबापू! तुम्ही होय?"