सबनीसांना विचारून घ्या

दुकानात मांडलेला फोन सबनीस आधी तळहातावर घेत, डोळे मिटून तोलत, मग शर्टाच्या खिशात घालत आणि समोरच्या सेल्समनला कमरेतून वाकून नमस्कार करत. बिचारा सेल्समनही वाकत असे. फोन खिशातून घसरून वायरीला लोंबकळू लागला की सबनीस सरळ होऊन म्हणत, "नापास! या देशात दिवसाला पन्नासदा वाकावं लागतं. दरवेळी फोन उचलत बसायचं का?"

जपानमध्ये, टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा दर मजल्यावर पुण्या-मुंबईचं एक तरी सॉफ्टवेअर कुटुंब होतं. स्मार्टफोन नुकते येऊ लागले होते, आणि घ्यायचा म्हटलं की जो तो म्हणे, "सबनीसांना विचारून घ्या." ते माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात सीनियर, आणि राहायला आमच्या वरच्या मजल्यावर. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी हाताला विचारावं, मग डोक्याला. बायकोला सगळ्यात शेवटी." आम्ही बायकाही त्यावर हसायचो. मीसुद्धा हसलेय, खोटं कशाला बोलू?

मला फोन मिरवायला नको होता. स्टेशनजवळच्या एका घरांच्या एजंटाला भारतीय कुटुंबांना घरं दाखवायला बाई हवी होती. वर्षभर नगरपालिकेच्या क्लासला जाऊन मी जपानी शिकले होते. तो म्हणाला, नकाशा आणि मेल चालेल असा फोन आणा आणि पुढच्या महिन्यापासून या. चार वर्षं 'संजयची मिसेस' म्हणून काढल्यावर कुणीतरी मला 'सुजाता-सान' म्हणणार होतं!

घरातल्या जुन्या फोनचा करार दोन वर्षांचा होता. त्यातून सुटायला एकच महिना मोकळा. तो चुकला की आपोआप आणखी दोन वर्षं अडकायचं, नाहीतर दंड भरायचा. तो महिना चालू होता. कंपनीचं पत्र मी शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं होतं.

पण संजयने सबनीसांना चहाला बोलावलं.

"थांबा वहिनी," सबनीस म्हणाले, "जूनमध्ये नवीन मॉडेल येतंय."

"पण भाऊजी, सुटायचा महिना हाच आहे. पत्रात लिहिलंय."

"पत्र वाचलं कुणी?"

"मी."

ते एवढे हसले की बशीत चहा सांडला. "संजय, वहिनी करार वाचायला लागल्या बरं का! अहो, भाजीवाल्याशी बोलणं वेगळं आणि कराराची भाषा वेगळी. आणि स्टेशनपर्यंत जाऊन यायला एवढा फोन हवाय कशाला?"

माझा नवराही हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. महिना गेला, आणि मग दुकानातल्या माणसाने संजयला मी वाचलेलंच वाचून दाखवलं. दंड भरून फोन घेणं म्हणजे अडाणीपणा, असं सबनीसांचं मत होतं, म्हणून तेही झालं नाही. एजंटाने दुसरी बाई नेमली. सबनीस फक्त एवढंच म्हणाले, "अरे वा, वहिनींना येतं की वाचता!"

ऑक्टोबरात ते फोन कंपनीकडून आलेलं स्वतःचं पाकीट घेऊन माझ्या दारात. "जरा बघता का वहिनी? ऑफिसात दाखवलं तर सगळे चौकशा करतात." मी वाचलं. त्यांचा सुटायचा महिना तोच होता. मी पुन्हा वाचलं, सावकाश, आणि म्हटलं, "काही नाही हो भाऊजी. जाहिरात आहे."

"वाटलंच मला," म्हणत त्यांनी पाकीट आमच्याच रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. दार लावून मी स्वतःसाठी चहा टाकला. इतका गोड चहा मी त्या देशात कधी प्यायले नव्हते. आता बसा म्हटलं दोन वर्षं!

महिना उलटल्यावर मेघना, त्यांची बायको, खाली आली. एकदा गाडी बदलताना चुकून ती तीन तास भलत्याच लाइनवर फिरली होती. तेव्हापासून एकटी स्टेशनवर पाऊल टाकत नसे.

"हे माझ्यासाठीच बघत होते गं फोन," ती म्हणाली. "नकाशावाला. माझ्या पर्समध्ये मावतो का बघायला पर्ससुद्धा दुकानात नेली होती. आता म्हणतात महिना चुकला. आणि दंड भरणार नाहीत, सगळ्यांना तोच सल्ला दिलाय ना."

वार केला सबनीसांवर, लागला हिला. "मी येत जाईन तुझ्याबरोबर," एवढंच मी म्हणाले, आणि दर बुधवारी गेलेही. पण सबनीसांवरचा राग गेला नाही, उलट वाढला. बायकोसाठी जीव तुटत होता तर तसं चारचौघांत बोलायला काय झालं होतं या माणसाला?

पुढच्या वर्षी त्यांची पुण्याला बदली झाली. विमानतळाच्या बसपाशी मेघना शेजारणींचा निरोप घेत होती, तेव्हा सबनीस हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जाहिरात म्हणालात ना, दुकानातल्या मुलीने मला त्या पत्राची प्रत दाखवली होती. मागच्याच वर्षी."

मी मेघनाकडे पाहिलं. ती अजून शेजारणींतच होती.

"मेघनाला सांगितलेलं नाही. संजयलाही नाही. मी तुम्हाला हसलो होतो, आठवतंय मला."

तेवढ्यात मेघना आली आणि माझ्या गळ्यात पडून रडू लागली. "तू नसतीस तर मी घराबाहेरच पडले नसते गं!"

सबनीस शेजारीच उभे होते. सगळं ठाऊक असलेला तो माणूस एक शब्द बोलला नाही. ते हसले ते मी केव्हाच सोडून दिलं. हे गप्प राहणं मात्र मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.